नित्या अजून काही महिने माझ्याकडेच राहील

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आधी सांगायचं ते सांगून टाकते, नाहीतर पत्रभर धीर होणार नाही. पांढरकवड्याच्या पाहुण्यांना मी परवा फोन केला आणि नित्याची सोयरीक सध्या नको म्हणून सांगितलं. गांजाचं नाव काढलं नाही. पोराची तब्येत बरी नाही, इलाज चालू आहे, तुम्ही थांबू नका, एवढंच बोलले. बाबा, तुम्ही शब्द दिला होता, हे मला ठाऊक आहे. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं, आणि तुमचं नाही मोडायची हिंमत मला झाली नसती. म्हणून न विचारता केलं. माझ्या लग्नाच्या वेळी तुम्ही तीनदा त्या गावाला जाऊन चौकशी करून आलात. त्या मुलीचा बाप तसाच आपल्या ओसरीवर येऊन बसला असता, तर आपण काय सांगणार होतो?

लग्न झालं की सुधारेल, असं सगळेच म्हणतात. पण नित्याचं वागणं बिघडलेलं नाही, त्याचा मेंदू आजारी पडला आहे.

आई, तो बरा आहे. काळजी करू नको. रात्री झोपतो, सकाळी आठला उठतो. पहिले दहा-बारा दिवस वाईट गेले. चिडचिड, अंगाला घाम, अन्नाकडे पाहायचा नाही, विचित्र स्वप्नं पडून ओरडायचा. रोजचा गांजा बंद झाला की असंच होतं, आणि पहिला आठवडाच सगळ्यात कठीण असतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आता जेवतो. परवा तू पाठवलेल्या सोल्यांची आमटी केली, दोन भाकरी खाल्ल्या. जवसाची चटणी त्याच्याच ताटाजवळ ठेवते. खिडकीजवळची खाट दिली आहे, तुझी गोधडी पांघरतो. गोळ्यांनी थोडा सुस्तावतो, अंगानेही भरला आहे. भेटायला आलीस तर ‘किती फुगला’ म्हणू नकोस.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलं होतं, ‘आम्ही बी मंडळीत बसून चिलीम ओढली, आम्हाला काहून नाही झालं?’ मी तेव्हा गप्प बसले. नंतर डॉक्टरांना हाच प्रश्न विचारला. त्यांनी अर्धा तास समजावून सांगितलं, ते माझ्या शब्दांत लिहिते.

आपला मेंदू स्वतःच एक पदार्थ तयार करतो. 1992 साली इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांना तो सापडला आणि त्यांनी त्याचं नाव आपल्या संस्कृतातल्या ‘आनंद’वरून आनंदामाइड ठेवलं. लागेल तिथे, लागेल तेवढा तो बनतो आणि काम झालं की लगेच विरतो. गांजात टीएचसी नावाचं द्रव्य असतं, ते याच्याच जागा अडवून बसतं, पण सगळीकडे एकदम आणि कितीतरी जास्त वेळ. पाटाचं पाणी बारं धरून सोडायचं सोडून धरणच फुटावं, तसं.

त्या जागा कुठे कुठे आहेत ते ऐकताना मला आपलंच घर दिसत होतं. एक आठवणीच्या भागात आहे. फवारणीला किती पंप झाले हे त्याला सांगता यायचं नाही आणि तुम्ही त्याला कामचुकार म्हणायचे. एक तोल सांभाळणाऱ्या भागात आहे, नाल्याजवळ गाडी घसरली ती त्यामुळेही असेल. एक भुकेच्या जागी, म्हणून रात्री अकराला उठून टोपल्यातल्या भाकरी संपवायचा आणि आई, तू खूश व्हायचीस. डोळे लाल दिसायचे ते जागलीने नाही, रक्तवाहिन्या फुगल्याने. तू त्याच्या छातीवर हात ठेवून ‘उंदरावानी पळते काळीज’ म्हणाली होतीस. गांजा ओढल्यावर काही मिनिटांत नाडी मिनिटाला 20 ते 50 ठोक्यांनीही वाढू शकते. आणि एक जागा भीतीच्या भागात आहे. मोटारपंपाच्या घरघरीत त्याला स्वतःचं नाव ऐकू यायचं, ते बाहेरचं काही नव्हतं. कोणी करणी केली नव्हती. त्याला खरंच ऐकू येत होतं, आणि आपण सगळे खोटं म्हणत असल्याने तो आणखी भ्यायचा.

कोठ्यातल्या त्या रात्रीबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही. मी तिथे असते तर मलाही दुसरं काय सुचलं असतं, सांगता येत नाही. पण पुन्हा तसं करायचं नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही तिशी उलटल्यावर, वर्षातून चार वेळा, मोठ्या महादेवाच्या यात्रेत ओढली. नित्याने पंधराव्या वर्षापासून ओढली, शेवटी शेवटी दिवसातून पाच-सहा वेळा. विचार करणारा, स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. कच्च्या भिंतीवर रोज पाणी मारल्यासारखं झालं. स्वीडनमध्ये सैन्यात भरती झालेल्या 45,000 हून जास्त तरुणांची पंधरा वर्षं नोंद ठेवली होती, ते 1987 साली छापून आलं. भरतीआधी पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येतात, भलतेच संशय येतात त्या मेंदूच्या आजाराचं, प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे सहापट निघालं. ओढणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही. पण कोणाला होईल हे आधी दिसत नाही.

घराण्यात कोणाला असला त्रास असेल तर धोका वाढतो. आई, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी मोठ्या मामांचं सांगितलं. तू रागावू नकोस. आजीने मरेपर्यंत ते नाव घरात काढू दिलं नाही, मला माहीत आहे. पण ते लपवून औषध कसं द्यायचं? आणि यात तुझं काही चुकलं असं मनातही आणू नकोस. तुझ्याकडून त्याला तुझे डोळेही आले आहेत, तुझा आवाज आला आहे, ते काय वाईट आहे?

चूक म्हणायचीच तर माझी आहे. दोन वर्षांपूर्वी पोळ्याला आले होते तेव्हा स्लॅबवर मला वास आला होता. त्याने शपथ घातली आणि मी गप्प बसले. तान्ह्या पोळ्याला बाबांनी केलेला लाकडी बैल घेऊन मीच त्याला दारोदार फिरवायचे, तो थकला की एका कडेवर तो आणि दुसऱ्या हातात बैल. मला तो तेवढाच वाटत राहिला. इथे आल्यावरही चुकले. एकोणिसाव्या दिवशी त्याची लघवी तपासली तर गांजा निघाला. मी स्वतः लॅबमध्ये काम करते, तरी त्याच्यावर ओरडले, पुन्हा ओढलास म्हणून. तो रडत होता की नाही ओढली. डॉक्टर म्हणाले, हे द्रव्य चरबीत साठतं, रोज ओढणाऱ्याच्या लघवीत कित्येक आठवडे दिसू शकतं. त्या रात्री मी त्याची माफी मागितली.

पुढे हाच आजार राहील की पूर्ण निवळेल, हे आत्ताच कोणी सांगत नाही. पण पुन्हा ओढली तर उलटण्याचा धोका मोठा आहे. म्हणून तो इथे राहील. वेच्याला माणूस कमी पडेल, त्याचे पैसे मी पाठवते, नाही म्हणायचं नाही.

आता माझं ऐका. त्याच्या खोलीत चटईखाली, पेटीत काही सापडलं तर संडासात ओतून पाणी टाका, जाळू नका. तो फोन करून पैसे मागेल तर मला कळवा, त्याला देऊ नका. अंगारा आणायचा तर आणा, आई, पण गोळी बंद करून नाही. बाबा, रात्रीच्या लाइनला हरभऱ्याला पाणी द्यायला एकटे वावरात जाऊ नका. बीपीची गोळी सकाळी चहाआधी. आणि या शिवरात्रीला भांग नको. पोटातून घेतलेली चढायला तास-दोन तास लागतात, चढली नाही म्हणून माणूस दुसरा गिलास घेतो, मग सहा-आठ तास उतरत नाही. तुमच्या काळजाला ते झेपणार नाही. आईच्या डोळ्याची तारीख मी घेतली आहे, पुढच्या महिन्यात दोघंही या.

फोन रात्री आठनंतर करा, तेव्हा तो जागा असतो. ‘आता कसं वाटते’ असं विचारू नका, तो गोंधळतो. बैलाबद्दल बोला. काल जेवताना त्याने स्वतःहून विचारलं, सोन्याचा खूर भरला का. मला सांगता आलं नाही. तुम्ही सांगा.

तुमची,
ताई