व्हिएन्नाला येण्यापूर्वी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तू, वहिनी आणि काकू ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात व्हिएन्नाला येणार हे वाचून फार आनंद झाला. नेमका त्याच काळात मी कामानिमित्त शहराबाहेर असेन, म्हणून बरोबर फिरताना जे सांगितले असते ते आताच सविस्तर लिहितो. माझा आग्रह एकच आहे. इथे काय पाहायचे हे ठरवण्याआधी कोणत्या वारी काय उघडे असते ते पाहा आणि त्यावरून दिवस आख. त्याच आठवड्यात प्राग आणि बुडापेस्टही बसवण्याचा बेत सोडून दे. काकूंना रोज सामान बांधायला लावण्यापेक्षा एकाच शहरात निवांत राहणे कितीतरी सुखाचे होईल.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. त्यासोबत किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा लागतो. काकूंच्या वयाचा विचार करता त्यातील अटी बारकाईने वाच आणि विम्याची एक छापील प्रत हाताशी असू दे.

रविवारी इथली जवळजवळ सर्व दुकाने बंद असतात आणि शनिवारी संध्याकाळी सहालाच किराणा दुकानांचे दरवाजे लागतात. मोठ्या रेल्वे स्थानकांतील मोजकी दुकाने तेवढी रविवारी उघडी सापडतात. त्यात २६ ऑक्टोबर हा ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय दिन आहे, कारण १९५५ साली त्याच तारखेला कायमच्या तटस्थतेचा कायदा संमत झाला; त्या दिवशीही बाजार बंद असतो आणि १ नोव्हेंबरलाही. म्हणून दूध, फळे, ब्रेड आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. आणखी एक गोष्ट तुमच्याच आठवड्यात येते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळे एक तास मागे घेतली जातात. त्यानंतर भारताशी साडेतीन तासांचे अंतर साडेचार तासांचे होते आणि संध्याकाळी पाचच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा बागा आणि उघड्यावरची ठिकाणे सकाळीच उरकावीत. शॉनब्रुन राजवाड्याची बाग विनामूल्य आहे. राजवाड्याच्या आत जाण्यासाठी मात्र ठरावीक वेळेचे तिकीट आधीच काढावे लागते.

विमानतळावरून शहरात येण्यासाठी एक खास जलद गाडी आहे, ती सोळा मिनिटांत पोहोचवते, पण तिचे भाडे बरेच जास्त आहे. साधी एस-७ लोकल त्याच व्हिएन्ना मिटे स्थानकावर साधारण पंचवीस मिनिटांत आणते, तीच घ्या. विमानतळ शहराच्या तिकीट-क्षेत्राबाहेर असल्यामुळे तेवढ्या टप्प्याचे तिकीट वेगळे काढावे लागते, हे विसरू नकोस. शहरातल्या भुयारी रेल्वेला अडवणारे फाटक नसते. कागदी तिकीट प्रवासाआधी निळ्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवला नाही, तर ते विकत घेतलेले असूनही ग्राह्य धरत नाहीत, आणि साध्या वेशातले तपासनीस शंभर युरोंहून अधिक दंड करतात. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहा आणि पदपथालगतच्या सायकलमार्गावर पाऊल ठेवू नका, कारण सायकली वेगाने येतात.

आता खास तुझ्यासाठी. तू चंद्रपुरात वर्षानुवर्षे भूशास्त्र शिकवतोस, तेव्हा ज्या एडुआर्ड स्यूस यांनी प्राचीन दक्षिण भूखंडाला गोंडवनाचे नाव दिले, ते याच शहरातल्या विद्यापीठात प्राध्यापक होते हे तुला ठाऊकच आहे. मात्र इथल्या नळाला येणारे पाणीही त्यांच्याच आग्रहाचे फळ आहे. आल्प्समधल्या झऱ्यांचे पाणी केवळ उताराच्या जोरावर शहरात आणणारी पहिली वाहिनी १८७३ साली सुरू झाली, आणि तिच्या उद्घाटनाचे उंच कारंजे श्वार्त्सेनबर्गप्लात्स या चौकात आजही आहे. ते अवश्य पाहा आणि पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. नळाचे पाणी निर्धास्त प्या.

नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयाला पूर्ण दिवस दे. तिथला उल्कापाषाणांचा संग्रह जगातील सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी आहे. १९०८ साली विलेनडॉर्फ इथे सापडलेली, जेमतेम अकरा सेंटिमीटर उंचीची चुनखडीतली स्त्रीमूर्तीही तिथेच आहे. सुमारे तीस हजार वर्षांपूर्वी कोणा माणसाने इतक्या मायेने दगड कोरला, या विचाराने मी तिच्यासमोर दर वेळी थबकतो. हे संग्रहालय मंगळवारी बंद असते, तर समोरच्याच जुळ्या इमारतीतले कलासंग्रहालय त्या दिवसांत सोमवारी बंद असते. सोमवारी पहिले, मंगळवारी दुसरे, असे ठरवले की दोन्ही दिवस सत्कारणी लागतात. कलासंग्रहालयात चित्रकार ब्रॉयगेलच्या दालनात नीट वेळ काढा. त्याची इतकी चित्रे एकत्र दुसरीकडे कुठेही नाहीत.

शहराच्या मध्यभागी स्टेफान्सप्लात्स या चौकाजवळ जुन्या काळचे टोप आणि झगे घातलेले विक्रेते मैफलींची तिकिटे देऊ करतील. ती बहुधा भाड्याच्या सभागृहांतल्या पर्यटकांसाठीच्या कार्यक्रमांची असतात, त्यांना नम्रपणे नकार द्या. खरा ऑपेरा ऐकायचा तर राज्य ऑपेरागृहात उभ्या प्रेक्षकांसाठी अगदी स्वस्त जागा असतात आणि त्या प्रयोगाच्या दिवशी मिळतात. काकूंना तीन तास उभे राहणे जमणार नाही, त्यांच्यासाठी खुर्चीचे तिकीट आजच शोधायला लाग.

काकू शाकाहारी असल्याने ‘फेगेटारिश’ (शाकाहारी) हा जर्मन शब्द पाठ करा आणि सुपाबद्दल दर वेळी विचारा, कारण भाज्यांचे दिसणारे सूपही पुष्कळदा गोमांसाच्या रश्श्यात केलेले असते. कॉफीगृहात एका कपावर तासन्‌तास बसले तरी कोणी उठवत नाही. काकू थकल्या की सरळ तिथे शिरा. बिल मागितल्याशिवाय येत नाही, आणि बक्षिसीसह एकूण रक्कम पैसे देतानाच तोंडी सांगायची असते. थोडी रोकड जवळ ठेवा. एटीएमने रुपयांत हिशेब करू का असे विचारले तर युरोच निवडा, नाहीतर प्रतिकूल दराने पैसे कापले जातात.

विमानाची वेळ ठरली की कळव, म्हणजे कोणत्या दिवशी काय ठेवायचे ते आपण फोनवर पक्के करू. काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांग आणि वहिनींनाही नमस्कार.

तुझा,
अविनाश