‘ही धूळ कुणाची?’ असे विचारणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

माझा प्रकल्प मान्य झाल्याचे फोनवर सांगितले तेव्हा तुम्ही “छान” एवढेच म्हणून विषय बदललात, म्हणून तेव्हा बोलायचे राहिले ते इथे सर्वांसमोर लिहीत आहे.

दिवसा शाळेत शिकवून चाळिशीत एम.एस्सी.चा हट्ट धरणाऱ्या बाईची अडचण तशी लहानच होती. जानेवारी २०१४ मध्ये एम ८२ या दीर्घिकेत दिसलेल्या सुपरनोव्हाचे, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचे, अंतर मला काढायचे होते. ‘एक-अ’ प्रकारचे हे स्फोट ऐन तेजाला सुमारे उणे १९.३ निरपेक्ष प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजाचे माप, आकडा लहान तितके तेज जास्त; निरपेक्ष म्हणजे ठरावीक अंतरावरून दिसेल ते) पोचतात आणि हा आपल्याला दिसला जेमतेम १०.६ प्रतीचा, त्यावरून अंतर आले तीन कोटी प्रकाशवर्षांहून अधिक, प्रत्यक्षात ती दीर्घिका आहे साधारण एक कोटी वीस लाखांवर. वाटेतल्या धुळीने प्रकाश गिळला हे ओळखून मी त्यातला लालसरपणा १.३ प्रत धरला, लालसरपणावरून धुळीने किती तेज झाकले ते सांगणाऱ्या पुस्तकी ३.१ या गुणकाने गुणला, तर तारा थेट पन्नास लाखांवर येऊन बसला.

ज्यांना विचारणे माझा हक्क होता, त्यांतल्या एकांनी सॉफ्टवेअरकडे बोट दाखवले आणि दुसऱ्यांनी ठाऊक असलेले अंतर लिहून मधली पायरी गाळण्याचा सल्ला दिला, तोही वही न उघडता.

तुम्ही तर माझे कुणीच नव्हता. रंकाळा तलावावर फिरायला येणाऱ्या निवृत्त प्राध्यापकांना मी एका ओळखीच्या आधाराने गाठले आणि तुम्ही वही दोन दिवस ठेवून घेतलीत. ती परत आली तेव्हा पानावर एकही लाल फुली नव्हती, फक्त ३.१ भोवती पेन्सिलीचा फिकट गोल होता आणि समासात लिहिले होते, ‘ही धूळ कुणाची?’

सर, त्या पेन्सिलीने मला रडवले. माझे गणित चुकले नव्हते, मी आपल्या आकाशगंगेच्या धुळीचा सरासरी आकडा परक्या दीर्घिकेच्या धुळीला लावला होता, आणि हे मला स्वतःला सापडावे एवढी जागा तुम्ही राखली होती. गुऱ्हाळाच्या विरळ धुरातून सूर्य तांबडा दिसतो, जाड फुफाट्यातून नुसताच मळका, हे तुमचे उदाहरण माझ्यासारख्या करवीर तालुक्यातल्या मुलीला लगेच पटले. त्या ताऱ्यासमोरची धूळ लाल फार करते आणि झाकते त्या मानाने कमी, म्हणून तिथे गुणक १.४ च्या आसपास येतो. तो घातल्यावर अंतर एक कोटी पस्तीस लाखांच्या आसपास आले.

धुळीचा लालसरपणा आणि ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे दूरच्या प्रकाशाचे लाल बाजूला सरकणे) यांची मी केलेली सरमिसळही तुम्ही अशीच सोडवलीत. धूळ निळा प्रकाश काढून घेते, पण वर्णपटातल्या रेषा जागच्या हलवत नाही. ताम्रसृती मात्र सगळा वर्णपटच सरकवते, त्यामुळे दुर्बिणीच्या त्याच रंगीत गाळणीतून ताऱ्याचा भलताच रंग मोजला जातो, आणि ताम्रसृती ०.५ असेल तर तिथले वीस दिवस आपल्याला तीस भासतात. एम ८२ इतकी जवळ आहे की तिथे ही दुरुस्ती नगण्य ठरते, हेही तुम्ही सांगितलेत, नाहीतर मी उत्साहाने तीही केली असती.

दुसऱ्याचे अज्ञान चारचौघांत न उघडता दूर करण्याची रीत आपल्याकडे पूर्वी बरीच असावी. आता ती दिसली की माणूस दचकतो. मानधनाचा विषय काढल्यावर तुम्ही रागावलात, त्यामुळे तो पुन्हा काढत नाही. हंगाम सुरू झाला की गावाकडची ताजी काकवी मात्र आणणार आहे, आणि सोबत वहीदेखील, कारण पुढचा तारा बराच लांबचा निवडला आहे.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी
कोल्हापूर