इशाऱ्यावर मुदत छापलेली हवी

महोदय,

विजांचा इशारा आभाळ मोकळे झाल्यावर फोनवर येतो, पुढचा रस्ता बंद असल्याचे त्याच रस्त्यावर अडकल्यावर कळते. माहिती खोटी नसते, ती शिळी झालेली असते. दोन-तीनदा असे झाले की माणूस सूचना वाचायचेच सोडतो आणि एखाद्या दिवशी नेमकी कामाची सूचना त्याच्या नजरेतून सुटते. मला काळजी वाटते ती याची.

उशिराचे एक कारण फोनमध्येच आहे. बॅटरी वाचावी म्हणून खिशातला फोन अ‍ॅपना आपले ठिकाण सतत कळवत नाही. अँड्रॉइडच्या 2017 मधल्या आठव्या आवृत्तीपासून, न उघडलेल्या अ‍ॅपला ते तासातून मोजक्याच वेळा मिळते. ताशी 60 किलोमीटरने जाणारा प्रवासी दहा मिनिटांत 10 किलोमीटर पुढे गेलेला असतो आणि संदेश मात्र मागच्या ठिकाणचा येतो.

दुसरे कारण निव्वळ हलगर्जीपणाचे आहे. अँड्रॉइड फोनवर सूचना पोहोचवणाऱ्या गूगलच्या सेवेत प्रत्येक संदेशाला मुदत घालता येते. पाठवणाऱ्याने ती घातली नाही, तर फोन बंद असताना आलेला संदेश तब्बल चार आठवडे राखून ठेवला जातो. अर्ध्या तासात विरून जाणाऱ्या वादळाच्या इशाऱ्याला चार आठवडे कशासाठी?

जिवावरचे संकट असेल तर अ‍ॅपवर विसंबूच नये. त्यासाठी सेल ब्रॉडकास्ट आहे. टॉवर एकदाच संदेश सोडतो आणि त्याच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना तो एकदमच मिळतो. नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, कोण कुठे आहे हेही कोणाला कळत नाही. एसएमएस एकेकाला जातो, त्यामुळे गर्दीच्या वेळी रांग लागते. भूकंपाच्या जोरदार हादरे देणाऱ्या लहरी सेकंदाला सुमारे साडेतीन किलोमीटर धावतात, म्हणजे 70 किलोमीटरवर त्या वीसेक सेकंदांत पोहोचतात. त्यातलेही काही सेकंद भूकंप ओळखण्यात जातात. तिथे रांगेला जागाच नाही.

इशारा मागे घेण्याची वाटही तितकीच वेगवान हवी. 13 जानेवारी 2018 रोजी हवाई बेटांवर क्षेपणास्त्र येत असल्याचा चुकीचा इशारा फोनवर गेला. तो चूक असल्याचा संदेश त्याच फोनवर यायला 38 मिनिटे लागली. एवढा वेळ माणसे जीव मुठीत धरून बसली होती.

इशाऱ्यांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल’मध्ये क्षेत्राची हद्द, मुदत आणि रद्द करण्याची सूचना या तिन्हींची सोय आहे. तेव्हा इशारा कधी दिला, कुठल्या भागासाठी आणि किती वाजेपर्यंत, हे प्रत्येक संदेशाच्या पहिल्याच ओळीत दिसले पाहिजे. मुदत टळलेला संदेश फोनवर वाजताच कामा नये. ही अट सरकारी यंत्रणांना आणि खासगी अ‍ॅपना सारखीच लागू करावी.

– एक वाचक