मसाई वस्तीवर जाण्यापूर्वी

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत केनियातील मसाई वस्तीवर राहून स्वयंसेवा करण्याविषयीचा लेख वाचला. त्यात सामानाची यादी सविस्तर होती; परंतु आपण तेथे नेमके कोणाच्या उपयोगी पडणार, हा प्रश्न राहून गेला. नारोक परिसरातील एका शाळेत सहा आठवडे शिकवून आल्यामुळे मला तोच आधी विचारावासा वाटतो.

पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी. तिचा दाखला परतताना भारतातील विमानतळावर मागतात. पर्यटनाच्या परवान्यावर बिनपगारी कामही करता येत नाही, त्यासाठी वेगळा परवाना लागतो. प्लास्टिकच्या पिशव्यांवर तेथे २०१७ पासून बंदी आहे, म्हणून भाजणी आणि मेतकूट मी ऐन वेळी डब्यांत भरले.

चूक झाली ती दुसऱ्याच बॅगेत. ती मी वह्या-पेनांनी गच्च भरली होती. तशाच वह्या नारोकच्या बाजारात मिळत होत्या, आणि मी वर्गात वाटप सुरू करताच अशी झोंबाझोंबी झाली की मुख्याध्यापकांना तास मोडावा लागला. ते मला काही बोलले नाहीत, हे अधिक लागले. मुले घरी मा भाषा बोलतात, शाळेत स्वाहिली आणि इंग्रजी शिकतात. अशा मुलांकडून दर महिन्याला नवा पाहुणा येऊन तोच पहिला धडा गिरवून घेत असेल, तर त्यांचे वर्षच वाया जाते. म्हणून कोणती इयत्ता, कोणता विषय आणि आधीच्या स्वयंसेवकाने तो कुठवर आणला, हे निघण्यापूर्वीच शाळेला विचारून घ्यावे.

राहण्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. काटक्या, माती आणि शेण यांची घरे तेथे बायकाच बांधतात. शेणाने सारवलेल्या जमिनीवर वाढलेल्या माझ्या पिढीला त्यांचे नवल वाटत नाही. मुले समोर येऊन डोके झुकवतात आणि मोठ्यांनी त्यावर हात ठेवायचा असतो. मला पहिले दोन दिवस ती लाजतात असेच वाटले! दूध वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात ठेवतात आणि तुंब्याला आतून जळत्या लाकडाची धुरी देतात, त्यामुळे त्याला येणारी धुरकट चव चार दिवसांत अंगवळणी पडते. शाकाहारी मंडळींनी मात्र आपला आहार आधीच कळवावा. पाहुण्यासाठी बोकड कापल्यावर नको म्हणणे फार अवघड जाते.

पुढील लेखात तेथील एखाद्या शिक्षकाला बोलते करावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा