फायनल कट कुणाचा, हे आधी विचार

पुणे

चि. मृण्मयी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या चित्रपटाचा दिग्दर्शक स्टुडिओनं काढला, नवा येतोय, आणि तुम्हा संकलनाच्या मंडळींना हे एका ई-मेलवरून कळलं. तुझं पत्र वाचून जीव तुटला गं. ज्या माणसाच्या रशेस, म्हणजे चित्रित झालेला कच्चा भाग, तू रात्र-रात्र जागून लावल्यास, त्याला निरोप द्यायलाही कुणी तुम्हाला बोलावलं नाही. तू रागानं लिहिलं आहेस की स्टुडिओ आणि कलावंत एकत्र नांदूच शकत नाहीत. तुझा राग समजतो, पण हे म्हणणं मला पटत नाही. नांदतात. मात्र कधी नांदतात आणि कधी नाही, याचं कारण तू धरून बसली आहेस त्यापेक्षा वेगळं आहे.

ज्या ‘स्टार वॉर्स’ मालिकेवर तू लहानपणापासून जीव टाकलास तिथलंच बघ. 1980 चा ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’. हॅन सोलोला कार्बनमध्ये गोठवायला नेतात, लेया म्हणते, ‘आय लव्ह यू’. पटकथेत हॅनच्या तोंडी दुसरंच उत्तर होतं. सेटवर हॅरिसन फोर्ड आणि दिग्दर्शक अर्विन कर्श्नर यांना ते रुचेना. बरीच झटापट करून झाल्यावर फोर्ड म्हणाला, ‘आय नो’. बस्स. पुढे माणूस खाली जातो आणि वाफ उसळते. संकलक म्हणून ती जागा मी कितीदा मागेपुढे करून पाहिली आहे. त्या दोन शब्दांनंतर एकही जास्तीचा शब्द नाही, म्हणूनच लेयाचा चेहरा आपल्याला सोसवत नाही.

आता यातला निर्माता कोण? जॉर्ज लुकस. पैसे त्याचे, खर्च ठरल्यापेक्षा कितीतरी वर गेलेला, बँकेनं हात आखडता घेतलेला. त्याला ते उत्तर खटकलं होतं. इतक्या गंभीर जागी लोक हसतील ही त्याची धास्ती. तो ते कापून टाकू शकत होता, अधिकार पूर्ण त्याचा होता. त्यानं प्रेक्षकांसमोर खेळ लावून पाहिला. लोक हसले, पण ते त्या माणसाच्या प्रेमात पडून हसले. वाक्य राहिलं.

त्याच हॅन सोलोवर पुढे ‘सोलो’ हा वेगळा चित्रपट निघाला. फिल लॉर्ड आणि क्रिस मिलर दिग्दर्शक होते. जून 2017 मध्ये, चित्रीकरण संपत आलेलं असताना, दोघांना काढलं. त्यांच्या जागी रॉन हॉवर्ड आला, बराच भाग पुन्हा चित्रित झाला, आणि 2018 मध्ये तो पडद्यावर आला तेव्हा मालिकेला साजेसा गल्ला काही जमला नाही. तेव्हा छापून आलं होतं की दोघे नटांना सेटवर मोकळं सोडत, आयत्या वेळी संवाद बदलू देत, आणि पटकथाकार लॉरेन्स कॅस्डन यांना लिहिलेलं तसंच हवं होतं. ‘एम्पायर’ लिहिणाऱ्यांपैकी एक हेच कॅस्डन! म्हणजे एका चित्रपटात नटानं आयत्या वेळी बदललेलं वाक्य मालिकेचं भूषण ठरलं आणि दुसऱ्यात तोच मोकळेपणा नोकरीवर उठला.

तू म्हणशील, स्टुडिओ भित्रा झाला. थोडं खरं आहे. डिस्नीनं 2012 मध्ये ही सगळी दुनिया चार अब्ज डॉलरहून जास्त मोजून घेतली. एवढे पैसे ओतल्यावर प्रत्येक चित्रपटाच्या मागे पुढचे चार उभे असतात, खेळणी असतात, थीम पार्क असतं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. लुकस आणि कर्श्नर एकच चित्रपट डोळ्यांपुढे धरून एका वाक्यावर भांडत होते. इथे दोन्ही बाजूंच्या डोक्यात दोन वेगळे चित्रपट होते आणि ते उमगायला अर्ध्याहून जास्त चित्रीकरण व्हावं लागलं. हे भांडण पहिल्या बैठकीत व्हायला हवं होतं. तेव्हा ते स्वस्तात मिटलं असतं, किंवा स्वस्तात मोडलं असतं.

अर्जेंटिनाची दिग्दर्शिका लुक्रेशिया मार्टेल हिनं हेच केलं. सुपरहिरोंचे चित्रपट काढणाऱ्या मार्वेलनं तिला ‘ब्लॅक विडो’साठी भेटायला बोलावलं होतं. तिथे तिला सांगितलं गेलं की अॅक्शनच्या प्रसंगांची काळजी करू नका, ते आमची माणसं बघतील. तिला ते प्रसंगही स्वतःच करायचे होते. पहिल्याच भेटीत गोष्ट उघड झाली, दोघांचे रस्ते वेगळे झाले, कुणाची वर्षं वाया गेली नाहीत. एडगर राइटच्या नशिबी हे नव्हतं. त्यानं मार्वेलच्याच ‘अँट-मॅन’वर कित्येक वर्षं घालवली, आणि स्टुडिओनं त्याला वगळून पटकथेचा नवा खर्डा करायचं ठरवल्यावर 2014 च्या मे महिन्यात, चित्रीकरण तोंडावर असताना, तो बाहेर पडला. लेखक-दिग्दर्शक म्हणून आत शिरलेला माणूस एकाएकी नुसता भाडोत्री दिग्दर्शक उरला. त्याचं दुःख मला फार जवळचं वाटतं.

आणि हे भांडण उघडपणे न मिटवता दोन चित्रपट एकावर एक चिकटवले तर काय होतं, ते 2017 च्या ‘जस्टिस लीग’मध्ये बघ. दिग्दर्शक झॅक स्नायडर मुलीच्या मृत्यूनंतर बाजूला झाला, जॉस व्हीडननं पुनर्लेखन आणि रीशूट केलं. सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलनं तोवर दुसऱ्या स्टुडिओच्या चित्रपटासाठी मिशी ठेवली होती आणि तो स्टुडिओ ती काढू देईना. मग संगणकावर मिशी पुसली. सुरुवातीलाच लहान मुलाच्या मोबाइलमध्ये टिपलेला सुपरमॅन बोलतो ना, त्याचा वरचा ओठ बघ. गाल हलतात आणि ओठ मेणाचा. तो ओठ ज्यांनी फ्रेमगणिक रंगवला त्यांचा मला कधी राग आला नाही. प्रदर्शनाच्या तारखेवरून हटायचं नाही, लांबी दोन तासांत बसवायची, सूरही बदलायचा, आणि हे सगळं शेवटच्या काही महिन्यांत. तिथे कुणाचंच काम धड दिसत नाही. 2021 मध्ये स्नायडरची चार तासांची आवृत्ती आली. ती मला लांबली असं वाटतं, काही ठिकाणी कात्री हवीच होती. पण ती एका माणसानं पाहिलेली गोष्ट आहे, हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

याउलट ‘स्टार वॉर्स’चाच ‘रोग वन’. तिथेही टोनी गिलरॉय या लेखक-दिग्दर्शकाला बोलावून मोठा भाग पुन्हा केला, ट्रेलरमधली कित्येक दृश्यं चित्रपटात नाहीतच. तरी तो एकसंध वाटतो आणि अब्जावर कमाई झाली. हस्तक्षेप झाला की चित्रपट मेला, असं म्हणूनच म्हणता येत नाही. मधे आलेल्या माणसाला तो चित्रपट आरपार दिसतोय का, आणि शेवटचा शब्द एकाचा आहे की दहा जणांच्या बैठकीचा, एवढंच मी बघते.

शेवटचा शब्द म्हणजे फायनल कट, पडद्यावर जाणारी आवृत्ती ठरवण्याचा हक्क. तुला ठाऊक आहेच, तिकडे अमेरिकेत दिग्दर्शक संघटनेच्या करारानं साधारणपणे दिग्दर्शकाला स्वतःची आवृत्ती बांधायला दहा आठवडे मिळतात. अकराव्या आठवड्यात काय, ते बहुतेकांच्या करारात स्टुडिओच्या बाजूनं लिहिलेलं असतं. लुकसनं हे फार लवकर ओळखलं. त्याच्या पहिल्या दोन चित्रपटांतली काही मिनिटं स्टुडिओंनी परस्पर कापली होती. तो डंख त्याच्या मनातून गेला नाही. म्हणून पुढे ‘स्टार वॉर्स’च्या वेळी जास्त मानधनाच्या मागे न लागता त्यानं पुढच्या भागांचे आणि खेळण्यांचे हक्क मागून घेतले. आमच्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात ज्यांचा स्टुडिओ उभा होता, त्या ‘प्रभात’चे शांताराम, दामले, फत्तेलाल हे दिग्दर्शकही होते आणि भागीदारही. कंपनीच आपली, तेव्हा कात्रीही आपली.

सगळ्यांना कंपनी काढता येत नाही, हे मला कळतं. पण रायन कूगलर बघ. ‘क्रीड’ केला, मार्वेलचे दोन ‘ब्लॅक पँथर’ केले, मालिकेच्या चौकटीत राहून आपली माणसं, आपला सूर आणला. आणि ती पत गाठीशी बांधून 2025 च्या ‘सिनर्स’साठी त्यानं फायनल कट मागितला, कमाईच्या पहिल्या डॉलरपासून वाटा मागितला, आणि पंचवीस वर्षांनी चित्रपटाची मालकी आपल्याकडे येईल हेही लिहून घेतलं. मला त्या माणसाचा अभिमान वाटतो. कुणी हे त्याच्या ओंजळीत टाकलं नाही, त्यानं टेबलावर बसून मागितलं.

तेव्हा राजीनाम्याचं विचारशील तर माझं मत ‘देऊ नकोस’ असं आहे. निदान हा चित्रपट हातावेगळा होईपर्यंत तरी नाही. नवा दिग्दर्शक येईल तेव्हा जुन्या रशेसमध्ये सोनं कुठे आहे, हे त्या इमारतीत तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? काढलेल्या माणसाचे चांगले टेक या नव्या दिग्दर्शकापुढे ठेव. त्यानं नाही म्हटलं तर दुसऱ्यांदा ठेव. तिसऱ्यांदा मात्र नको, कारण निर्णय त्याचा आहे आणि त्याला अर्धवट चित्रपट पुरा करायचा आहे.

तुझ्या स्वतःच्या पटकथेबद्दल त्या निर्मिती कंपनीशी बोलणं चाललंय, ते मला जास्त काळजीचं वाटतं. पुढच्या बैठकीत त्यांनाच गोष्ट सांगायला लाव, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तू गप्प बसून ऐक. त्यांच्या तोंडून तुझाच चित्रपट आला तर पुढे जा, आणि शेवटची आवृत्ती कोण मंजूर करणार, पटकथेत तुझ्याशिवाय कुणी हात घालणार का, तुला बाजूला केलं तर श्रेयनामावलीत नाव कसं लागणार, हे नीट विचारून घे. लाजायचं नाही. मसुदा आला की सही करण्याआधी माझ्याकडे पाठव. सुधामावशी वकील आहे, ती एकेक कलम वाचायला तयार आहे, मी तिच्याशी बोलून ठेवलंय.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
आई