वेटलिस्टचा नंबर कितवा?

एडिसन, न्यू जर्सी
१८ मे २०२५

तीर्थरूप आई-बाबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमची नात ताई हिचा कॉलेजप्रवेशाच्या यादीतला वेटिंगचा नंबर कितवा आहे आणि तो पुढे सरकला का, असे बाबांनी गेल्या आठवड्यात फोनवर विचारले. हा विषय फोनवर नेहमी अर्धवट राहतो, म्हणून आज सविस्तर लिहितो.

बाबा, या यादीत नंबरच नसतो. रेल्वेचा वेटिंगचा नंबर तिकिटावर छापलेला असतो, कोणी तिकीट रद्द केले की तो खाली येतो आणि चार्ट लागला की काय ते कळते. इथली बहुतेक नामांकित कॉलेजे मात्र ही यादी क्रमाने लावतच नाहीत. मार्चअखेरीस निकाल लागतात, आणि ज्यांना धड होकारही मिळत नाही आणि नकारही, त्यांनी यादीत राहायचे की नाही हे स्वतः कळवायचे असते. ताईने राहायचे असे कळवले. पुढचे सगळे इतर मुलांवर अवलंबून असते, कारण एकेका हुशार मुलाला चार-पाच ठिकाणी प्रवेश मिळालेला असतो आणि साधारणपणे १ मेपर्यंत त्याने त्यांपैकी एका ठिकाणी अनामत भरून जागा पक्की करायची असते. किती मुले येतील हा कॉलेजचा अंदाज बरोबर ठरला, तर यादीला कोणी हात लावत नाही. तो चुकला, तर नेमकी कोणत्या विभागात मुले कमी पडली हे पाहून तिथे बसेल असा विद्यार्थी यादीतून निवडला जातो. त्यामुळे ताई पहिली की पाचशेवी, या प्रश्नाला कॉलेजकडेही उत्तर नाही.

बरीच कॉलेजे दरवर्षी आपली आकडेवारी जाहीर करतात. यादीत किती जणांना ठेवले, त्यांतल्या किती जणांनी थांबायची तयारी दाखवली आणि अखेर किती जणांना घेतले, हे तीन आकडे त्यात असतात. पण एका वर्षावरून दुसऱ्या वर्षाचे काही सांगता येत नाही. २०२० साली करोनामुळे अनेक कॉलेजांनी मुदत १ जूनपर्यंत वाढवली होती, तर गेल्या वर्षी सरकारी आर्थिक मदतीच्या नव्या फॉर्मचा घोळ झाल्यामुळे ठिकठिकाणी तारखा पुढे ढकलाव्या लागल्या. हे सगळे ठाऊक असूनही मी ते आकडे रात्री जागून पाहिले आहेत, तेव्हा बाबांच्या चौकशीला हसण्याचा मला अधिकार नाही.

आई, कोणाची ओळख काढता येईल का, असे तू विचारलेस. तसे काही करायचे नाही. कॉलेजने शिफारसपत्रे पाठवू नयेत असे स्पष्ट लिहिले आहे. विद्यार्थ्याने स्वतः एक पत्र लिहावे, एवढीच मुभा आहे. ताईने ते एका पानात लिहिले. शेवटच्या सत्राचे गुण कळवले, वाचनालयात लहान मुलांना गणित शिकवते त्याविषयी चार ओळी लिहिल्या आणि प्रवेश मिळाल्यास नक्की येईन असे सांगितले. ‘हे माझे लहानपणापासूनचे स्वप्न आहे’ हे वाक्य मी सुचवले होते. ते तिने खोडून टाकले, कारण या कॉलेजचे नाव तिने पहिल्यांदा नववीत ऐकले, असे तिचे म्हणणे पडले. मला तिचा अभिमान वाटला.

आता एक गोष्ट तुम्हा दोघांनाच सांगतो. उद्या बोलावणे आले तरी आम्ही हो म्हणूच, असे नाही. त्या खाजगी कॉलेजचा वर्षाचा खर्च इथल्या राज्याच्या विद्यापीठाच्या दुपटीहून अधिक आहे, यादीतून उशिरा घेतलेल्या मुलांसाठी काही ठिकाणी आर्थिक मदतीचा निधी उरलेला नसतो, आणि निर्णयाला हाताशी मोजकेच दिवस मिळतात. तशी वेळ आली तर ताईला समोर बसवून हिशेब मांडू. तोवर मला हा प्रश्न घरात रोज उकरायचा नाही.

रटगर्सची, म्हणजे इथल्या राज्याच्या विद्यापीठाची, अनामत आम्ही एप्रिलमध्येच भरली आहे. बाबा, हे विद्यापीठ १७६६ सालचे आहे, म्हणजे हा देश स्वतंत्र झाला त्याच्याही आधीचे, तेव्हा ‘दुसरे कॉलेज’ या शब्दांत त्याची बोळवण करू नये, एवढी विनंती आहे. इंजिनिअरिंगचे वर्ग रॅरिटन नदीच्या या बाजूच्या आवारात भरतात, दुसऱ्या काठावरच्या वर्गांना विद्यापीठाच्या बसने जावे लागते, आणि आमच्या घरापासून हे सारे मोटारीने वीस मिनिटांच्या आत आहे. तिची खोलीतली जोडीदारीणही ठरली असून वसतिगृहातला पलंग नेहमीपेक्षा लांब असतो म्हणून त्या मापाच्या चादरींची शोधाशोध सुरू आहे. तिच्याशी बोलताना हे विचारा. यादीचे विचारले की ती ‘अजून नाही, आजोबा’ एवढेच म्हणते आणि फोन धाकट्याच्या हाती देते.

पक्के कळले की पेढे वाटू, असे तुम्ही म्हणाला होतात. पक्के कळलेले आहे. या रविवारीच वाटा, आणि कोणी विचारले तर रटगर्सचेच नाव सांगा.

यादी बहुतेक ठिकाणी जूनअखेरपर्यंत बंद होते. बोलावणे आलेच तर ते इथल्या कामकाजाच्या वेळेत येईल. आमच्याकडे दुपारचे तीन वाजतात तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. त्यासाठी फोन उशाशी घेऊन जागत बसू नका, तुमच्या सकाळच्या चहाच्या वेळी आम्ही कळवू. आईच्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख मिळाली असेल तर ती मात्र लगेच कळवावी.

तुमचा,
बाळ