साधी पद्धत पण छापा की

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला परदेशात लोक घरी बिअर कशी करतात तो लेख वाचला, चांगला होता, पण धान्य तीन-तीनदा उकळायची जुनी जर्मन पद्धत हीच खरी असं जे लिहिलंय ते अजिबात पटलं नाही. नोकरीनिमित्त मी जर्मनीत होतो, तिथे हे कायद्याने चालतं, ही आणि साधी, दोन्ही पद्धती स्वतः केल्यात म्हणून लिहितोय.

बिअरसाठी आधी धान्यातल्या स्टार्चची साखर करावी लागते, त्याची साधी पद्धत म्हणजे काय, पाच किलो भरडलेलं बार्लीचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) घ्या, पंधरा लिटर पाणी ७२ अंशांपर्यंत तापवा, धान्य ओतलं की ते ६६ च्या आसपास येतं, मग झाकण लावून वर गोधडी गुंडाळायची आणि तासभर हात लावायचा नाही. स्टार्चची साखर माल्टमधले एन्झाइमच करतात. शंका असेल तर बशीत थेंबभर घेऊन आयोडीन टाका, निळंकाळं झालं नाही म्हणजे स्टार्च उरला नाही, काम झालं.

दुसऱ्या, म्हणजे त्या जर्मन पद्धतीत भिजलेल्या धान्याचा साधारण तिसरा हिस्सा, तो पण घट्ट घट्ट, वेगळ्या पातेल्यात काढून उकळायचा, सतत ढवळत राहायचं नाहीतर तळाला लागतो, मग परत ओतला की सगळ्याचं तापमान चढतं, आणि हे तीनदा! पाच-सहा तास सहज जातात. एन्झाइम मरत नाहीत कारण ते बरेचसे मागे ठेवलेल्या पातळ पाण्यात असतात, हे मात्र खरंच हुशारीचं आहे. जुन्या लोकांकडे थर्मामीटर नव्हते, माल्ट कुठे कच्चं कुठे पक्कं, उकळी तेवढी डोळ्यांना कळायची, म्हणून त्यांनी हे शोधलं. चेक देशातल्या पिल्सेनला १८४२ पासूनची ती प्रसिद्ध बिअर आजही तीनदा उकळूनच करतात, त्यांना मानलं पाहिजे. पण आता कारखान्यातून माल्ट नीट तयार होऊन येतं. गडद बिअरला उकळल्याने खमंगपणा येतो, फिकट बिअरमध्ये मला तरी फरक कळला नाही.

हां, तांदूळ घालायचा तर उकळणं आलंच, ६६ अंशाला तो नीट फुलत नाही, आधी आपल्या पेजेसारखा मऊ शिजवून मगच घालायचा.

नवीन माणूस सहा तासांचं वाचूनच नाद सोडतो हो. पुढच्या लेखात साधी पद्धत तापमानासकट द्या, आणि आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी करता येत नाही हे पण ठळक छापा, इकडची पोरं वाचतात.

– एक वाचक, गुहागर